‘वाहक’ विषाणू : एका संज्ञेची चिकित्सा

एका विषाणूच्या जनुकसंचात दुसऱ्या विषाणूचे एखादे जनुक बसवावयाचे, आणि अशा घडविलेल्या विषाणूची लस टोचून त्या दुसऱ्या विषाणूच्या रोगापासून माणसाचे रक्षण करावयाचे, ही कल्पना प्रयोगशाळेत साकार झाली त्यास आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या विषयावरील शोधनिबंधांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील प्रयोगकौशल्य वादातीत आहे. तथापि शास्त्रीय वाङ्मय वाचताना निष्कर्षांइतकेच शब्दांकडेही चिकित्सक दृष्टीने पाहावे लागते. कारण विचाराची दिशा पुष्कळदा शब्दच ठरवितात. प्रस्तुत निबंधात या वाङ्मयातील एकाच शब्दाची परीक्षा करण्याचे योजिले आहे. तो शब्द म्हणजे ‘व्हेक्टर’, मराठीत ‘वाहक’.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. परक्या जनुकाला आश्रय देणारा विषाणू हा मालाची ने-आण करणारा एक उदासीन गाडा आहे, अशी समजूत या संज्ञेने रुजविली. त्या समजुतीमुळे काही प्रश्न वेळेवर विचारलेच गेले नाहीत, आणि त्याची किंमत प्रयोगात स्वेच्छेने सामील झालेल्या निरोगी माणसांना द्यावी लागली. लशीचे परीक्षण करावयाचे तर वाहकाला लशीचा अर्धा भाग समजूनच ते केले पाहिजे.

१

‘व्हेक्टर’ हा शब्द लॅटिनमधील ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि तो धातू आपल्या ‘वह्’ धातूचा सगोत्र आहे. त्यामुळे ‘वाहक’ हा मराठी पर्याय अगदी चपखल बसतो. मूळ शब्दातील गुणाबरोबर त्याचा दोषही मराठीत जसाच्या तसा उतरतो. हाच शब्द रोगशास्त्रात डास, पिसू, गोचीड यांच्यासाठी फार पूर्वीपासून रूढ आहे. तेथे त्याचा इतिहास उद्बोधक आहे. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत हिवतापाच्या परजीवीची वाढ पाहिली. हिवतापाच्या परजीवीची लैंगिक अवस्था डासाच्या शरीरातच पूर्ण होते, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे डास हा केवळ नेणारा ठरला नाही. रोगाच्या जीवनचक्रातील तो एक कर्ता ठरला. रोगशास्त्राने हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी गिरविला. लसशास्त्राने शब्द तेवढा उचलला. धडा मात्र त्यास नव्याने शिकावा लागला.

२

या क्षेत्राचा आरंभ व्हॅक्सिनिया या देवीच्या लशीतील विषाणूपासून झाला, हे स्वाभाविकच होते. त्याचा जनुकसंच सुमारे १,९०,००० आधारयुग्मांचा, म्हणजे परके जनुक सामावून घेण्याइतका ऐसपैस आहे. १९८२ साली बर्नार्ड मॉस व एन्झो पाओलेत्ती यांच्या दोन स्वतंत्र गटांनी नागीण-वर्गातील विषाणूचे एक जनुक व्हॅक्सिनियात बसवून दाखविले. १९८३ साली यकृतदाहाच्या ‘ब’ विषाणूचे पृष्ठीय प्रतिजन व्हॅक्सिनियाकडून तयार करवून घेण्यात आले. ज्या विषाणूने देवीचा नायनाट केला, तोच आता सर्व रोगांविरुद्ध राबविता येईल, अशी आशा त्या काळी उत्पन्न झाली.

ही आशा एका ठिकाणी पूर्णपणे सफल झाली. अलर्काच्या विषाणूचे ग्लायकोप्रथिन व्हॅक्सिनियात बसवून, ती लस आमिषात भरून रानातील कोल्ह्यांना खावयास घालण्याचे प्रयोग १९८७ पासून बेल्जियममध्ये झाले. पुढे फ्रान्स व लक्झेंबर्ग येथेही ही पद्धत अवलंबिण्यात आली, आणि तिच्या बळावर पश्चिम युरोपच्या मोठ्या भागातून कोल्ह्यांतील अलर्क हटला. पण हे यश ज्या कारणाने मिळाले त्याकडे लक्ष द्यावयास हवे. कोल्ह्याला व्हॅक्सिनियाची ओळख नव्हती. माणसाला ती होती. एड्सच्या विषाणूचे आवरण-प्रथिन धारण करणाऱ्या व्हॅक्सिनियाची माणसांवरील चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की पूर्वी देवीची लस न टोचलेल्यांत प्रतिसाद ठळक उमटला, आणि टोचलेल्यांत तो दुर्बळ राहिला. ज्या मोहिमेने व्हॅक्सिनियाची कीर्ती झाली, तिनेच एका सबंध पिढीच्या शरीरात त्याच्याविरुद्ध स्मृती निर्माण करून ठेविली होती.

दुसरीही एक गोष्ट याच काळात दिसून आली. २००० साली अमेरिकेतील ओहायो राज्यात अलर्काच्या लशीचे आमिष कुत्र्याच्या तोंडातून काढून घेताना एका स्त्रीला कुत्रा चावला, आणि तिला व्हॅक्सिनियाचा संसर्ग झाला. गाडा स्वतःच चालू लागला तर काय होते, याचे हे लहानसे उदाहरण होय. अर्थात शास्त्रज्ञ या धोक्याविषयी बेसावध नव्हते. म्युनिक येथे आंतोन मायर यांनी कोंबडीच्या भ्रूणपेशींत पाचशे सत्तरांहून अधिक वेळा वाढवून क्षीण केलेला व्हॅक्सिनियाचा वाण मानवी पेशींत बहुधा वाढतच नाही, आणि पुढील अनेक लशींचा तो आधार झाला. तथापि वाहकाला दुर्बळ केले म्हणजे तो निरुपद्रवी झाला, आणि निरुपद्रवी झाला म्हणजे उदासीन झाला, हा तर्क मात्र येथूनच पक्का होत गेला.

३

या तर्काची खरी कसोटी अ‍ॅडिनोविषाणूंवर लागली. मानवी अ‍ॅडिनोविषाणूचा पाचवा प्रकार सर्दीपडशाचा एक सामान्य कारक. त्याचे वाढीस आवश्यक असे जनुक काढून टाकले म्हणजे तो पेशीत शिरतो, पण बहुगुणित होत नाही. या विषाणूत एड्सच्या विषाणूची तीन जनुके बसवून तयार केलेल्या लशीची ‘स्टेप’ ही चाचणी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तीत सुमारे ३,००० स्वयंसेवक होते. सप्टेंबर २००७ मध्ये ती थांबविण्यात आली. लशीने संरक्षण दिले नाही. इतकेच असते तर ते एक साधे अपयश ठरले असते. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की ज्या पुरुषांच्या रक्तात पाचव्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून होती, त्यांच्यात लस घेतलेल्यांना एड्सच्या विषाणूची बाधा होण्याचे प्रमाण लस न घेतलेल्यांच्या २.३ पट होते. ज्यांच्यात अशी प्रतिपिंडे नव्हती, त्यांच्यात हा गुणोत्तर १.० होता. सुंता न झालेल्या पुरुषांतही वाढलेला धोका दिसला.

या चाचणीच्या आराखड्यातील दोन गोष्टी चिकित्सकाने विसरता कामा नयेत. पहिली अशी की मूळ योजनेत पाचव्या प्रकाराविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण कमी असणारेच स्वयंसेवक घ्यावयाचे होते. जास्त प्रमाण असणाऱ्यांचा समावेश पुढे २००५ मध्ये योजना बदलून करण्यात आला. म्हणजे पूर्वप्रतिकाराचा विचार झालेलाच नव्हता असे नाही. तो झाला होता, पण एकाच दिशेने झाला होता : पूर्वप्रतिकारामुळे लशीचा जोर कमी पडेल काय, एवढाच प्रश्न विचारला गेला. पूर्वप्रतिकार आणि लस यांच्या संयोगातून अपाय होईल काय, हा प्रश्न ‘वाहक’ या शब्दाच्या कक्षेत बसतच नव्हता. गाड्याला उशीर होईल अशी भीती घालता येते. गाडाच घरात शिरून नासधूस करील अशी शंका कोणास येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तुलनेसाठी जो गट होता त्यास केवळ लशीचा विद्रावक टोचण्यात आला होता. आतील एड्सचे जनुक नसलेला रिकामा वाहक कोणासही देण्यात आला नव्हता. त्यामुळे अपायाचे कारण वाहकात होते, आतील प्रथिनांत होते, की दोहोंच्या मिलाफात होते, हे त्या आकड्यांवरून सांगण्याचा मार्गच राहिला नाही. कारणाविषयी पुढे अनेक उपपत्ती मांडल्या गेल्या; निर्विवाद अशी एकही ठरली नाही. निरोगी माणसास ज्यापासून कोणताही लाभ संभवत नाही असा रिकामा विषाणू टोचणे नीतीला धरून होईल काय, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. परंतु मोठ्या चाचणीपूर्वी प्राण्यांत व मोजक्या प्रौढ स्वयंसेवकांत हा प्रयोग करण्यास अशी अडचण नव्हती. तो नियमाने व्हावा असे वाटले नाही, कारण रिकाम्या गाड्याची परीक्षा घेण्याचे प्रयोजनच दिसले नाही.

दक्षिण आफ्रिकेत याच लशीची ‘फांबिली’ ही चाचणी जानेवारी २००७ मध्ये सुरू झाली होती. सप्टेंबरमध्ये ती थांबली तेव्हा ८०१ स्वयंसेवक नोंदले गेले होते. त्यांच्यावर पुढे लक्ष ठेवण्यात आले असता लस घेतलेल्यांपैकी ६३ जणांना व न घेतलेल्यांपैकी ३७ जणांना बाधा झाल्याचे आढळले. कोणास काय मिळाले हे उघड केल्यानंतरच्या काळातील ही निरीक्षणे असल्यामुळे हे आकडे सावधपणे वाचावे लागतात. पण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बहुसंख्य प्रौढांत पाचव्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे असतात आणि एड्सचा प्रादुर्भावही तेथेच सर्वाधिक आहे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या औषधनियंत्रकांनी ‘स्पुटनिक’ या रशियन कोविड-लशीस मान्यता नाकारली. तिच्या दुसऱ्या मात्रेत हाच पाचवा प्रकार होता, आणि ‘स्टेप’ व ‘फांबिली’ यांचा दाखला त्यांनी स्पष्टपणे दिला. लशीत एड्सचे एकही जनुक नसताना एड्सच्या चाचणीचा दाखला कोविडच्या लशीस लागू झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. निर्णय आतील मालावर झाला नव्हता. तो वाहकावर झाला होता.

४

पूर्वप्रतिकाराची अडचण टाळण्यासाठी संशोधकांनी माणसाला अपरिचित असे वाहक शोधले. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी चिंपांझीच्या अ‍ॅडिनोविषाणूपासून जो वाहक घडविला, त्यावर आधारलेली कोविडची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ या नावाने तयार केली. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, आणि पुढे देशात दिल्या गेलेल्या मात्रांत फार मोठा वाटा याच लशीचा होता. महासाथीच्या काळात स्वस्त, साध्या शीतकपाटात टिकणारी व मोठ्या प्रमाणावर निर्माण होणारी लस उपलब्ध करून देणे ही सामान्य कामगिरी नव्हे. तिचे मोल कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

परंतु मार्च २०२१ मध्ये युरोपात लस घेतलेल्या काही जणांत, विशेषतः तरुणांत, रक्तपट्टिका घटणे आणि त्याच वेळी मेंदूच्या शिरांत किंवा इतर अनपेक्षित ठिकाणी रक्त गोठणे, असा दुर्मीळ पण घातक विकार आढळला. रक्तपट्टिकांतून स्रवणाऱ्या ‘पीएफ-४’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झाल्याने तो होतो, हे लवकरच समजले. ब्रिटनमधील अनुमानानुसार पन्नास वर्षांखालील लस घेतलेल्यांत त्याचे प्रमाण निदान ५०,००० मध्ये एक असे होते. त्या वर्षी ७ मे रोजी तेथील सल्लागार समितीने चाळीस वर्षांखालील व्यक्तींना शक्यतो दुसरी लस द्यावी असे सुचविले.

येथे कारण कोणते, याचा निर्णय आपल्या न्यायशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकाच्या पद्धतीने सुंदर रीतीने करता येतो. तेच काटेरी प्रथिन आरएनएच्या लशींतूनही दिले गेले. तेथे हा विकार दिसला नाही. उलट मानवी अ‍ॅडिनोविषाणूच्या सव्विसाव्या प्रकारावर आधारलेल्या अमेरिकन लशीनंतर तो दिसला, आणि एप्रिल २०२१ मध्ये ती लस तेथे काही काळ थांबविण्यात आली. चिंपांझीच्या विषाणूचे बाह्य कवच ‘पीएफ-४’ला चिकटते, हे २०२१ अखेर प्रयोगाने दाखविण्यात आले. पुढे २०२३ साली लशीचा संबंध नसताना, नैसर्गिक अ‍ॅडिनोविषाणूची बाधा झालेल्या रुग्णांतही हाच विकार नोंदला गेला. माल असून गाडा नाही तेथे विकार नाही. गाडा आहे आणि माल नाही तेथेही विकार आहे. याहून स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते.

ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की हा वाहक पहिल्या दोषातून मुक्त होता. माणसाला तो अपरिचित होता, आणि त्याच गुणासाठी त्याची निवड झाली होती. पण वाहकाला कोण ओळखतो हा एक प्रश्न, आणि वाहक स्वतः काय करतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटला असे मानणे हीच ‘वाहक’ या शब्दाची भूल होय.

५

याच्या अगदी उलट बाजूचे उदाहरण इबोलाच्या लशीचे आहे. कॅनडातील विनिपेग येथील संशोधकांनी गुराढोरांत तोंडाला फोड आणणाऱ्या ‘व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस’ विषाणूचे स्वतःचे पृष्ठीय प्रथिन काढून त्या जागी इबोलाचे प्रथिन बसविले. २००५ साली माकडांवर ती लस प्रभावी ठरली. पण माणसांवरील मोठी कसोटी पश्चिम आफ्रिकेतील साथ येईपर्यंत लांबली. २०१५ साली गिनीमध्ये, देवीच्या उच्चाटनात उपयोगी पडलेल्या वलय-पद्धतीने, रुग्णाच्या संपर्कातील लोकांना ती देण्यात आली. लस घेतलेल्या ५,८३७ व्यक्तींपैकी एकासही दहा दिवसांनंतर इबोला झाला नाही. २०१९ अखेर युरोप व अमेरिकेत तिला परवाना मिळाला.

हा विषाणू शरीरात बहुगुणित होतो, म्हणूनच एका मात्रेत इतके बळ येते. आणि म्हणूनच जिनिव्हा येथील चाचणीत ५१ पैकी ११ जणांना सांधेदाह झाला आणि सांध्यातील द्रवात व त्वचेवरील फोडांत तो विषाणू सापडला. गुण आणि दोष एकाच स्वभावातून आले. शिवाय येथे वाहक आणि माल यांची फारकतच करता येत नाही : हा विषाणू पेशीत शिरतो तो इबोलाच्या प्रथिनाच्या साहाय्याने. ‘कोण कोणाला वाहतो?’ असा प्रश्न येथे सहजच उभा राहतो.

या विषाणूची माणसाला ओळख नाही, असे त्याच्या गुणवर्णनात नेहमी लिहिले जाते. उत्तर अमेरिकेपुरते ते बरोबर असेल. पण १९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा येथे सापडलेला आणि विदर्भ, तेलंगण व गुजरात येथील मुलांत मेंदूज्वर घडविणारा चांदीपुरा विषाणू याच प्रजातीतला आहे. त्याचप्रमाणे म्हशींच्या सडांवर फोड आणणारा आणि दूध काढणाऱ्यांच्या हातांना लागणारा बफेलोपॉक्स विषाणू हा व्हॅक्सिनियाचा निकटचा आप्त असून महाराष्ट्रात त्याचे उद्रेक नोंदले गेले आहेत. सारांश, वाहकाची ‘अपरिचितता’ हा त्याचा अंगभूत गुण नव्हे. तो प्रदेशाप्रदेशांत बदलणारा संबंध आहे. परदेशी निबंधातील ते वाक्य आपल्या प्रबंधात उतरवून घेण्यापूर्वी आपल्या लोकांच्या रक्तद्रवाची परीक्षा केली पाहिजे.

प्रत्येक अपायाचे खापर वाहकावर फोडणे मात्र तितकेच चुकीचे होईल. पीतज्वराच्या लशीतील विषाणूवर डेंग्यूची प्रथिने चढवून केलेल्या लशीविषयी, पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत ती पुढील डेंग्यू अधिक तीव्र करू शकते, असे नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाले. तोवर फिलिपीन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचली गेली होती. तेथे दोष पीतज्वराच्या विषाणूचा नव्हता. डेंग्यूविरुद्धच्या अपुऱ्या प्रतिकाराचाच तो परिणाम होता. म्हणून चिकित्सेचे काम आरोप करण्याचे नसून कारणांची वाटणी करण्याचे आहे.

६

‘वाहक’ ही एक सोयीची संज्ञा आहे, तज्ज्ञांना तिच्या मर्यादा ठाऊक असतात, शब्दावर एवढा भार कशास, असे कोणी म्हणेल. यावर उत्तर असे की तज्ज्ञांना मर्यादा ठाऊक असूनही ‘स्टेप’चा आराखडा तसाच झाला. साथ दारात उभी असता असल्या चिकित्सेला वेळ कोठून आणावा, असेही कोणी विचारील. काँगोमध्ये २०१८ ते २०२० च्या साथीत तीन लाखांहून अधिक लोकांना इबोलाची लस मिळाली, ती सांधेदाह ठाऊक असूनच. दोष माहीत असणे हे लस वापरण्याच्या आड आले नाही. अज्ञात दोष मात्र विश्वासाच्या आड येतो, आणि तो गेला की उत्तम लसही कुपीतच पडून राहते.

संज्ञा बदलावी असा माझा आग्रह नाही; रूढ शब्द काढून टाकता येत नाहीत. पण प्रत्येक वाहकाविषयी तीन प्रश्न विचारण्याचा प्रघात पडावा. ज्या लोकांना लस द्यावयाची त्यांपैकी कोण या विषाणूला आधीच ओळखतात, आणि त्या ओळखीचा परिणाम केवळ बळ घटण्यात होतो की आणखी कशात? आतील जनुक काढून टाकले तर हा विषाणू एकटा शरीरात काय करतो? आणि आज तो वापरला म्हणजे उद्या तो कोणासाठी निकामी होतो?

तिसरा प्रश्न आपल्यापुरता सर्वांत निकडीचा आहे. ऑक्सफर्डच्या त्याच चिंपांझी-वाहकावर आधारलेल्या निपाह लशीची माणसांवरील पहिली चाचणी जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्ड येथे सुरू झाली. निपाहचा धोका आहे तो केरळात, बंगालमध्ये, बांगलादेशात. आणि याच भूभागात कोट्यवधी लोकांनी कोविशील्डच्या दोन मात्रा घेतल्या आहेत. २०२१ पूर्वी हा वाहक भारतीयांस अपरिचित होता. आता तो तसा राहिलेला नाही. व्हॅक्सिनियाच्या बाबतीत १९९१ साली जो धडा मिळाला, तो येथे पुन्हा पहिल्यापासून गिरवावयाचा की त्याच्या आधारे पुढे जावयाचे, हे चाचण्यांचे आराखडे आखणाऱ्यांवर अवलंबून आहे. आपल्या विद्यापीठांतील संशोधकांना याकरिता परदेशी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. कोविशील्ड घेतलेल्या व न घेतलेल्या व्यक्तींच्या रक्तद्रवात या वाहकाविरुद्धची प्रतिपिंडे किती आणि किती काळ टिकून आहेत, हे मोजणे एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. असा एखादा प्रबंध या विभागातून यावा, आणि त्यात रिकाम्या वाहकासाठी एक स्वतंत्र स्तंभ असावा, एवढीच अपेक्षा येथे नोंदवितो.